एक्केचाळीस नंबरची पाटी

वर्ना प्रूइटला जावई आवडत नव्हता, हे गॅरेट गावात पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. जावयालाही ठाऊक होतं. चार वर्षांत तिने त्याला एकदासुद्धा नावाने हाक मारली नव्हती. त्याचं नाव ट्रेंट, पण तो ह्यूस्टनचा, म्हणून ती त्याला 'ह्यूस्टन' म्हणायची, आणि तेही अशा सुरात की ऐकणाऱ्याला वाटावं, हे शहर नसून एखादा त्वचारोग आहे. आणि आता ऑगस्टच्या एका सकाळी या दोघांना एकाच नंबरखाली सहा दिवस धावायचं होतं.

आमच्या शर्यतीला लोक नुसतं 'खिंडी' म्हणतात. सहा दिवस, सहा खिंडी, रोज संध्याकाळी नव्या कुरणात तंबू. एकट्याने धावायची सोयच नाही. जोडीनेच नाव द्यायचं, जोडीला एकच नंबर, आणि दोघांत दोन मिनिटांपेक्षा जास्त अंतर पडता कामा नये. झाडांची हद्द संपल्यावर तर जोडीदाराला सोडून पुढे गेलात की संपलंच, दोघांच्याही मनगटावरचा पट्टा कापून हातात देतात. डोंगरावर माणसं मेली आहेत म्हणून हा नियम आहे, हौस म्हणून नाही. आणि ज्याने खिंडी दहा वेळा पुऱ्या केल्या, त्याचा नंबर कायमचा त्याचा होतो. तो पुन्हा कुणाला देत नाहीत. लाकडाच्या पाटीवर कोरून गावच्या अग्निशमन दलाच्या भिंतीवर टांगतात. बावीस वर्षांत अशा फक्त सात पाट्या लागल्या आहेत, आणि सातही पुरुषांच्या.

वर्नाच्या नऊ झाल्या होत्या. पहिल्या तीन नवऱ्याबरोबर. मग नवरा अॅरिझोनातल्या एका बाईबरोबर पळाला. तो शर्यतीत जितका धावला नाही तितक्या वेगाने पळाला, असं वर्ना स्वतःच सांगायची. त्यानंतरच्या सहा डेलाबरोबर, म्हणजे लेकीबरोबर. नंबर कायम एक्केचाळीस. वर्ना आता एकोणसाठची होती. सव्वीस हिवाळे तिने बर्फाच्या उतारांवर जखमी माणसं खाली आणायची नोकरी केली होती आणि त्यात उजवा गुडघा पार कामातून गेला होता. डॉक्टरने वसंतातच सांगून टाकलं होतं, ही एक शर्यत धाव, त्यानंतर धावलीस तर माझ्याकडे येऊ नकोस. म्हणजे दहावी यंदा झाली तर झाली, नाहीतर कधीच नाही.

आणि शर्यतीला तीन आठवडे उरले असताना डेला स्वतःच्या घराच्या पायरीवरून घसरली आणि तिच्या पावलाचं हाड मोडलं. डोंगरात लहानपणापासून हुंदडलेली पोरगी, पडली कुठे, तर अंगणात. ऐन मोसमात रिकामा धावणारा मिळेना. वर्नाने सगळ्या गावाला फोन केले. शेवटी डेलाच म्हणाली, ट्रेंट धावेल, त्याने ह्यूस्टनची मॅरेथॉन तीन तास पाच मिनिटांत काढली आहे. वर्ना म्हणाली, ह्यूस्टनला चढ म्हणजे पुलावर चढतात तेवढाच. पण दुसरा इलाज नव्हता. मिळालेला जावई गोड मानून घ्यायचा, असं तिने ठरवलं. आता तिला ते कितपत जमलं ते तुम्हीच बघा.

सकाळी सातला निघण्याआधी ऑगी लुसेरो तिला बाजूला घेऊन गेला. हा ऑगी शर्यतीचा मुख्य पंच, तिचा जुना सोबती, दोघांनी मिळून कितीतरी लोकांना स्ट्रेचरवर घालून खाली ओढलेलं. त्याने ट्रकच्या मागचं घोंगडं उचललं. खाली देवदाराची पाटी होती, तिच्यावर एक्केचाळीस कोरलेलं, रंग अजून भरायचा होता. वर्नाने आकड्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, अजून सहा दिवस आहेत, झाकून ठेव, नजर लागेल.

बंदूक वाजली आणि ह्यूस्टन सुटला.

वर्नाने त्याला तीन आठवडे एकच गोष्ट बजावली होती. पहिल्या दिवशी पहिले सहा मैल चालल्यासारखं धावायचं. नऊ हजार फुटांवर हवा विरळ असते, ती सकाळी काही मागत नाही, दुपारी सगळं एकदम वसूल करते. त्याने मान डोलावली होती. आणि आता तो कोवळ्या उन्हात, रंगीत चष्मा लावून, लोकांच्या बाजूने सूं सूं पुढे जात होता. दोन मिनिटांचा नियम असल्यामुळे वर्नालाही त्याच्यामागे धावावं लागलं. गुडघा पहिल्याच मैलाला कुरकुरायला लागला. ती मागून ओरडली, हळू. तो मागे वळून हसला आणि म्हणाला, वेळ साठवून ठेवतोय. अहो, वेळ काय साठवतोय, लोणचं आहे का ते! वर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पहिल्या चौकीवर सहा मैलांवर ते चौदावे होते. तिथल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. वर्नाने मीठ लावलेला उकडलेला बटाटा तोंडात कोंबला आणि पुढ्यात कलिंगड चोखत उभ्या असलेल्या जावयाकडे बघितलं. त्याचे कान लाल झाले होते. तिने सव्वीस वर्षांत उंचीची हवा बाधलेल्यांचे असे लाल कान खूप पाहिले होते.

नवव्या मैलाला तो चालायला लागला. दहाव्याला थांबून, गुडघ्यांवर हात ठेवून, सगळं कलिंगड ओकला. डोकं फुटतंय म्हणाला. मागे टाकलेली माणसं आता एकेक करून त्यांना ओलांडून जायला लागली, आणि प्रत्येक जोडी जाताना विचारून जायची, ठीक आहात ना? वर्ना दात ओठ खात प्रत्येकाला सांगायची, ठीक आहोत, साठवलेला वेळ खर्च करतोय. बोलायला ट्रेंटकडे हवाच नव्हती.

दुसरी चौकी अकराव्या मैलाला, जिथे झाडं संपतात तिथे. साडेबाराला बंद होते. हे दोघे बारा वाजून पाच मिनिटांनी पोचले, आणि वर्नाने मनातल्या मनात हिशेब केला. संध्याकाळी चारच्या आत कुरणात पोचायचं, नाहीतर पहिल्याच दिवशी घरी. वर खिंडीपर्यंत तीन मैलांची उभी चढण, पलीकडे सात मैलांचा उतार. हा असाच रांगत राहिला तर जमणार नाही. आणि पश्चिमेकडे ढग काळवंडायला लागले होते. आमच्याकडे ऑगस्टात दुपारी दीडनंतर कड्यावर राहणाऱ्याला शहाणा म्हणत नाहीत.

चौकीच्या मागे, कुणी बघत नाही असं पाहून, तिने त्याची पिशवी ओढून घेतली. पाणी सोडून त्यातलं सगळं स्वतःच्या पिशवीत भरलं. जॅकेट, मोजे, टोपी, अंगाची ऊब धरून ठेवणारं चंदेरी पांघरूण, सगळं. ज्याचं सामान त्याच्याच पाठीवर हवं, असा नियम आहे, आणि वर्नाला तो पाठ होता. पण सगळे जुने धावणारे कधीतरी हे करतातच. थकलेल्याचं ओझं घ्यायचं, दोघं बरोबरच तर असणार. मग तिने कमरेची रबरी दोरी काढली, एक टोक स्वतःच्या पट्ट्याला, दुसरं त्याच्या छातीवरच्या पट्ट्याला अडकवलं. दमलेल्या जोडीदाराला असं ओढत नेतात, त्यात काही वावगं नाही. पण दावं लावून जावयाला डोंगरावर चढवणारी सासू लोकांनी कधी पाहिली नव्हती. उटाहहून आलेल्या दोघी बहिणी शेजारून जाताना हसल्या. एकीने तर फोटोच काढला.

"दूध देतो का?" तिने विचारलं.

"भाकड आहे," वर्ना म्हणाली.

ट्रेंटने हे ऐकलं. वर्नाला त्याने ऐकावं असंच वाटत होतं.

दीड मैल तिने त्याला तसं ओढलं. दोरी ताठ, गुडघ्यात प्रत्येक पावलाला कळ, आणि मागून त्याचं धापा टाकणं. चढताना ती बोलत राहिली, कारण बोलण्याने रागाला वाट मिळत होती. तीन आठवडे सांगत होते. माझी पोरगी असती तर आत्ता खिंडीत असतो. आयुष्यात एक गोष्ट सांगितली तेवढी ऐकली नाहीस. या डोंगरात डेला कशी वाढली आणि तू तिला कोणत्या सपाट गरम शहरात नेऊन टाकायच्या गोष्टी करतोस. ह्यूस्टनला जायचा विषय दोन वर्षं चालला होता. त्याला तिकडे नोकरी मिळत होती. पण दर वेळी वर्ना रोज सकाळी डेलाला फोन करायची, कधी रडायची, कधी गुडघ्याचं सांगायची, कधी हिवाळ्यात माझ्या दाराचं बर्फ कोण काढणार विचारायची, आणि दर वेळी डेला राहून जायची.

मागे दोरी एकदम सैल झाली. तो थांबला होता.

"नोव्हेंबरात जातोय आम्ही," ट्रेंट म्हणाला. "घर बघून झालंय. डेला तुम्हाला सांगायला घाबरते."

वर्ना वळली. त्याचा चेहरा पांढराफटक होता, ओठांच्या कडेला वांतीचा वाळलेला थर, आणि त्यातही त्याला हे सांगून बरं वाटलं होतं हे तिला स्पष्ट दिसलं. तिचं डोकं फिरलं. तिने कमरेची कडी काढली, दोरी तिथेच दगडांवर टाकली, आणि वर चालू लागली.

पहिली शंभर पावलं ती स्वतःला सांगत होती की वरच्या वळणावर थांबायचं. मागे कुणी रेंगाळत असेल तर पुढे जाऊन उभं राहिलं की तो पाय उचलतो, डेलाबरोबर तिने हे कितीदा केलं होतं. वळण आलं आणि ती थांबली नाही. त्याचं तोंड बघवत नव्हतं, हे खरं कारण. दुसरं वळण आलं. तिसरं आलं. खिंडीत चौकी नसते, नुसता एक झेंडा असतो, आणि त्या उघड्या डोंगरावर तिला पाहणारं कुणी नव्हतं. डेलाने सांगितलं नाही, एवढंच तिच्या डोक्यात घोळत होतं. सहा वर्षं एका तंबूत झोपलो आणि पोरगी मला घाबरते.

गारा पडायला लागल्या तेव्हा ती झेंड्यापासून हाकेच्या अंतरावर होती. वाटाण्याएवढ्या, मग बोराएवढ्या, कानशिलावर फटाफट. ढग एवढा खाली आला की पायाखालची वाट दिसेना. ती एका दगडाच्या आडोशाला उकिडवी बसली आणि पिशवी उघडून आत हात घातला. जॅकेट हाताला लागलं, तिने ओढून काढलं.

ते हिरवं होतं. तिचं लाल होतं. हिरवं त्याचं.

तिच्या कपाळातच गेलं. मोजे, टोपी, पांघरूण, सगळं तिच्या पाठीवर, आणि तो खाली कुठेतरी पातळ बनियनवर. सव्वीस वर्षं तिने लोकांना सांगितलं होतं, की थंडीने माणूस मरायला बर्फ लागत नाही, ओलं अंग आणि वारा पुरतो. आणि इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिने नंतर ती स्वतःच सांगितली. हिरवं जॅकेट हातात धरून तिच्या मनात पहिला आकडा आला तो एक्केचाळीस. माणूस नंतर आला. ती स्वतःलाच इतकी घाण वाटली की तिने स्वतःला मोठ्याने शिवी घातली, आणि मग ती खाली धावली.

"ट्रेंट!" ती ओरडत होती. चार वर्षांत पहिल्यांदा. "ट्रेंट!"

तो दोरी जिथे टाकली होती तिथून थोडासाच वर आला होता. एका दगडाला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन बसला होता. अंगावर कुणाचं तरी चंदेरी पांघरूण. उटाहच्या बहिणी वाटेत दम खायला थांबून मागे पडल्या होत्या, त्यांनी दिलं आणि पलीकडे कुरणात जाऊन कळवतो म्हणून पुढे गेल्या होत्या; ढगात वर्नाला त्या दिसल्याच नव्हत्या. ओठ निळे. तो थरथरत होता, आणि वर्नाला हायसं वाटलं, कारण थरथर थांबते तेव्हा खरं घाबरायचं असतं. तिने त्याच्या अंगात जॅकेट चढवलं, चेन ओढली, टोपी घातली, त्याचे हात स्वतःच्या काखेत धरून ठेवले. साखरेच्या पाकाची पाकिटं एकामागून एक त्याच्या तोंडात पिळली. पंधरा मिनिटं दोघं असे बसले होते, तोंडाला तोंड लागेल इतके जवळ. तिला माफी मागायची होती. पण त्याच्याकडे बघून ते शब्द काही तोंडातून निघेनात.

"परत जायचं?" तिने शेवटी विचारलं. "चौकी जवळ आहे. गाडी मिळेल."

त्याने घड्याळ पाहिलं. दोनला दहा कमी. "पुढे," तो म्हणाला.

गारा थांबल्या होत्या. झेंडा ओलांडला तेव्हा दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. आणि मग असं झालं की उतार लागला. जसजसं खाली जावं तसतशी हवा दाट होत गेली आणि ट्रेंट माणसात येत गेला. शेवटी तीन तास पाच मिनिटांचा मॅरेथॉनवाला होता तो. आणि वर्नाचा गुडघा, जो धावत खाली आला होता आणि पुन्हा वर गेला होता, त्याने उतारावर साफ नकार दिला. ती एका पायावर उड्या मारल्यासारखी उतरत होती. सव्वातीनला अजून साडेतीन मैल बाकी होते. घड्याळाकडे बघताना त्याने तिला पाहिलं.

तो थांबला. दोरी त्याने उचलून आणली होती, हे तिला तेव्हा कळलं. त्याने एक टोक स्वतःच्या कमरेला लावलं आणि दुसरं तिच्या पट्ट्याला, तोंड वर न करता. कुरणाच्या आधीच्या सपाट वाटेवर त्याने तिला अक्षरशः फरफटत नेलं. वर्नाला रडू येत होतं, गुडघ्यामुळे असेल किंवा दुसऱ्या कशामुळे, तिने शोध घेतला नाही. चारला चार मिनिटं कमी असताना दोघं एकदम कमानीखालून गेले.

तंबूंमधून लोकांनी आरडाओरडा केला. पण ऑगी लुसेरो टाळ्या वाजवत नव्हता. तो हातात वही घेऊन उभा होता आणि त्याचा चेहरा उतरलेला होता.

"वर्ना," तो म्हणाला, "उटाहच्या बहिणींनी कळवलंय. एक्केचाळीस नंबरचा माणूस झाडांच्या वर एकटा होता, जॅकेटशिवाय. मला विचारावं लागतंय. तुम्ही बरोबर होतात ना?"

वर्नाने तोंड उघडलं. पण तिच्याआधी ट्रेंट बोलला. आम्ही बरोबरच होतो, तो म्हणाला. मी लघवीला बाजूला गेलो होतो, सासूबाई दगडापलीकडे होत्या, जॅकेट माझ्या पिशवीत होतं, बोटं आखडल्यामुळे काढता येत नव्हतं. त्या बहिणींना ढगात दिसलं नसेल. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. ऑगीने वर्नाकडे पाहिलं. त्याला विश्वास ठेवायचा होता, अगदी मनापासून, ते स्पष्ट दिसत होतं. वर्ना गप्प राहिली. ऑगीने वहीत काहीतरी लिहिलं, वही मिटली आणि सुस्कारा सोडला. उद्या सातला, तो म्हणाला, आणि तिच्या खांद्यावर थाप मारून गेला.

जेवणाच्या तंबूत मोठ्या पातेल्यातून कोंबडीचं गरम सूप वाढत होते. वर्नाने बूट काढले, गुडघ्यावर बर्फाची पिशवी ठेवली. ट्रेंट समोर येऊन बसला. त्याने आधी अर्धा वाडगा संपवला. तिला वाटलं, आपण आता काहीतरी चांगलं बोलावं. पोराने लाज राखली. निदान आभार तरी मानावेत.

"तर ठरलं," ट्रेंट म्हणाला. आवाज अगदी शांत होता. "नोव्हेंबरात आम्ही जाणार. तुम्ही डेलाला फोन करून रडायचं नाही. गुडघा नाही, बर्फ नाही, एकटेपणा नाही. एक शब्द नाही, आज नाही आणि नंतरही नाही. मग तुमची पाटी भिंतीवर लागेल. नाहीतर मला आजची दुपार आठवेल."

वर्नाने चमचा खाली ठेवला.

"म्हणून खोटं बोललास?"

"चार वर्षांत माझ्या हातात पहिल्यांदा काहीतरी आलंय," तो म्हणाला. "सोडू कशाला?"

आणि गंमत म्हणजे, तिला तो त्या क्षणी थोडा कळला. तिनेही हेच केलं असतं. ती तिच्या दाराच्या बर्फाचं हेच करत आली होती. पण कळलं म्हणून राग गेला असं थोडंच असतं. उलट तो आणखी वाढला. तिने मनगटावरच्या पट्ट्याकडे पाहिलं, एक्केचाळीस. पाच दिवस राहिले होते. पाच दिवस गुडघा ओढत नेला असता तिने, दोन्ही हातांवर रांगत नेला असता. आणि मग अग्निशमन दलाच्या भिंतीवर ती पाटी लागली असती, आणि तिच्याखालून जाताना दर वेळी तिने तोंड शिवलेलं असतं. समोरच्या सुपावर साय धरली.

मग तिने बर्फाची पिशवी बाजूला केली, बूट पुन्हा चढवले आणि लंगडत बाहेर गेली.

ऑगी ट्रकपाशी होता. तिने मनगट पुढे केलं.

"काप," ती म्हणाली.

"वर्ना, विषय संपलाय. मी लिहून टाकलंय."

"मी त्याला वर सोडलं, ऑगी. रागात सोडलं. त्याचं जॅकेट माझ्या पिशवीत होतं. काप म्हणते ना."

घोंगड्याखाली पाटी होती, दोघांनाही ते माहीत होतं आणि दोघांपैकी कुणी तिकडे पाहिलं नाही. ऑगीने खिशातून कात्री काढली. इतक्या जणांचे पट्टे कापले होते त्याने, पण हा कापायला त्याची कात्री पुढे येईना, शेवटी तिनेच दुसऱ्या हाताने पट्टा ताणून धरला. आता जावयाचाही कापावा लागेल, ऑगी म्हणाला. आहे तिथेच बसलाय, वर्ना म्हणाली, सूप पितोय.

ती तंबूत परतली तेव्हा डेला आली होती. कुबड्या घेऊन, गाडीतून थेट, केस विस्कटलेले, दोघे वेळेत पोचले म्हणून आनंदाने लाल झालेली. तिने आधी आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग उघड्या मनगटाकडे, आणि तिचं हसू मावळलं. ट्रेंटनेही पाहिलं. तो उठून उभा राहिला.

"तुम्हाला वेड लागलंय का?" तो म्हणाला. "दहावी होती तुमची."

"होती," वर्ना म्हणाली. तिने खुर्ची ओढली, गुडघा हाताने उचलून सरळ केला आणि त्याच्यासमोर बसली. "आता खाली बस, ह्यूस्टन. डेला, तूही बस. मला नोव्हेंबरबद्दल बोलायचंय."